पदकांचे नंतर पाहू, आधी त्या हवालदारांना भेटा

वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

‘माझे वडील १९६८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत भरती झाले आणि १९९६ साली सुभेदार म्हणून निवृत्त झाले. गेल्या वर्षी ते गेले. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे आणि त्या दिवशी सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी त्यांच्यावरील स्मरणिका प्रकाशित करायची आहे. मजकूर तयार आहे, आमदारांचा संदेशही आला आहे. परंतु बाबांची पदके थोरल्या भावाने कोणाला न विचारता स्वतःच्या घरी नेली आणि आता तो त्यांचे छायाचित्रही काढू देत नाही. आम्ही भावंडे गावीच आईजवळ वाढलो. बाबा सुट्टीवर आले की रोज रात्री आमचे शाळेचे बूट स्वतः पॉलिश करून ठेवत. निवृत्तीनंतर त्यांनी बँकेत सुरक्षारक्षकाची नोकरी करून माझे इंजिनिअरिंग पूर्ण केले. अशा वडिलांची स्मरणिका पदकांशिवाय कशी काढायची? भावाला कसे समजवावे? (आई बाबांचा मोबाईल अजून चार्ज करून ठेवते. पलटणीतले त्यांचे एक जुने सोबती, गडहिंग्लजकडचे निवृत्त हवालदार, पेन्शन जमा झाली की दर महिन्याला त्यावर फोन करतात. त्यांना अजिबात ऐकू येत नाही, म्हणून आम्ही उचलत नाही. बाबा गेल्याचे त्यांना कळवायचे राहून गेले.)’

उत्तर:

तुमच्या पत्रात चार पाने भावाविषयी आहेत आणि कंसातल्या चार ओळी त्या हवालदारांविषयी. मी त्या कंसाला उत्तर देणार आहे.

तेराव्याला सारा गाव जेवला, आमदारांकडे संदेशासाठी तीनदा माणूस पाठवला, असे तुम्हीच लिहिले आहे. त्या धावपळीत एका माणसाला कळवायचे तेवढे राहिले, आणि तोही असा माणूस की ज्याने तुमच्या वडिलांबरोबर ऐन तारुण्यातली वर्षे एका बराकीत काढली. पंच्याहत्तरी गाठलेला हा गृहस्थ जवळजवळ वर्षभर दर महिन्याला नंबर लावतो, पलीकडे घंटा वाजते की नाही हेही त्याला ऐकू येत नसेल, आणि तरी पुढच्या महिन्यात तो पुन्हा लावतो. मला याचा राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही. भावाने पदके नेली हे गैर आहे. पण त्या पदकांच्या कडेवर तुमच्या वडिलांचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेले आहे, ती कोणाच्याही कपाटात राहिली तरी त्यांचीच राहतील. त्या हवालदारांच्या बाबतीत मात्र उद्याचा भरवसा कोणी द्यावा?

तुम्ही सोबत जोडलेला स्मरणिकेचा मजकूर मी पूर्ण वाचला. १९७१ च्या युद्धाला त्यात एकच वाक्य मिळाले आहे: ‘त्यांनी युद्धात अतुलनीय शौर्य गाजवले.’ हे वाक्य कोणत्याही सैनिकाच्या फोटोखाली चालेल. तुमच्या वडिलांची पलटण म्हणजे जंगी पलटण. डिसेंबर १९७१ मध्ये ही पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून पूर्व पाकिस्तानातल्या (आजच्या बांगलादेशातल्या) जमालपूर शहराच्या पिछाडीला गेली आणि तिथून दक्षिणेकडे जाणारा रस्ता तिने अडवून धरला. ९ डिसेंबरला आपल्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी शहरातल्या बलूच पलटणीला शरण येण्याविषयी चिठ्ठी पाठवली, तेव्हा पाकिस्तानी कमांडिंग अधिकाऱ्याने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री ती बलूच पलटण वेढा फोडून बाहेर पडायला निघाली, मराठ्यांनी तिला रस्त्यावरच रोखले, आणि ११ तारखेला जमालपूर पडले. इतके पुस्तकांत सापडते. एकवीस वर्षांचा तुमचा बाप त्या रात्री कोणत्या मोर्चात होता, त्याच्या शेजारी कोण होते, उजाडल्यावर तो काय बोलला किंवा बोललाच नाही, हे कोणत्याही पुस्तकात असणार नाही. ते सांगू शकणारा माणूस तुम्हाला दर महिन्याला स्वतःहून फोन करत आहे.

आणि मला युद्धापेक्षाही मोठी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. तुम्हाला वडिलांची माया सांगायची आहे. बुटांची आठवण तुम्ही फार सुंदर लिहिली आहे: बोटाला गुंडाळलेले फडके, पाण्याचा एक थेंब, आणि टाचेपर्यंत चकाकणारे कातडे. पण ती सुट्टीतली आठवण आहे. तुमचा जन्म १९७८ चा. म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत तुम्ही वडिलांना वर्षाकाठी दोन-तीन महिने पाहिले. पत्ता ‘केअर ऑफ ५६ ए.पी.ओ.’ (लष्करी टपाल कार्यालय) एवढाच असायचा, त्यावरून वडील काश्मिरात आहेत की राजस्थानात हेसुद्धा मुलांना कळत नसे. उरलेल्या नऊ-दहा महिन्यांत ते तुमचे वडील नव्हते का? तुमच्या जन्माची तार आली तेव्हा त्यांनी काय केले? तुम्हाला ताप असल्याचे आईचे पत्र आठवड्याने हाती पडले, तेव्हा तो आठवडा उलटून गेलेला ताप त्यांनी मनात कसा सोसला? तुमच्या पहिल्या वाकड्यातिकड्या अक्षरातले पत्र त्यांनी कोणाला वाचून दाखवले? तुमच्या बालपणाचा बराचसा काळ त्यांचे बापपण बराकीत, तुमच्या नजरेआड घडले आहे, आणि शेजारच्या खाटेवरून ते पाहणारा सोबती आज गडहिंग्लजला बसून तुमच्या फोनची वाट पाहत आहे. (तुमच्या आईने तो मोबाईल वर्षभर एकदाही बंद पडू दिला नाही, यावरून तुम्हाला काहीच कळले नाही, याचे मला फार वाईट वाटते.)

म्हणून छापखान्याला थांबायला सांगा आणि येत्या रविवारी आईला घेऊन त्यांच्याकडे जा. फोनवर कळवू नका. त्यांना ऐकू येत नाही हे तर आहेच, पण अशी बातमी शेजारी बसूनच द्यायची असते. ती तुमच्या आईला देऊ द्या. नवऱ्याचा सोबती म्हणून ज्याचे नाव त्या माउलीने इतकी वर्षे ऐकले, त्याच्याजवळ बोलण्याची मुभा तुम्ही तिला एवढे दिवस दिलेली नाही. वही आणि जाड अक्षराचे पेन जवळ ठेवा, प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून दाखवा, आणि पहिल्या भेटीत मोबाईल त्यांच्या तोंडासमोर धरून चित्रण करू नका. ‘बाबा कसे होते’ असे विचारलेत तर ‘देवमाणूस होता’ असे उत्तर मिळेल आणि ते पुन्हा तुमच्या स्मरणिकेतल्या वाक्यासारखेच असेल. वहीत ‘जमालपूर’ लिहा. तुमचे जन्मवर्ष लिहा. मग गप्प बसून ऐका, आणि वर्ष उशिरा आल्याबद्दल त्यांची क्षमा मागा.

भावाला बरोबर यायला सांगा, नाही आला तरी तुम्ही निघा. त्या माणसाने जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत स्मरणिकेच्या पहिल्या पानावर घ्या, आमदारांचा संदेश मागे टाका, आणि वर्षश्राद्धाचे पहिले आमंत्रण त्याच दिवशी त्यांच्या हातात द्या.