यमूमागची बाई लिहिताना

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीची नायिका यमू. तिच्यामागे कोण खरी बाई असेल, यावर कादंबरी लिहायचा तुझा बेत आवडला. मात्र ‘हीच ती’ म्हणून कुणाच्या पणजीवर शिक्का मारू नकोस. बाई कल्पित ठेव, नाव दुसरं दे.

काळ आखडता घे. हरिभाऊंनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक १८९० साली पुण्यात सुरू केलं. यमूची गोष्ट त्यातच क्रमशः आली आणि १८९३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. १८८७ पासून तिथवरची वर्षं पुष्कळ झाली. नवरा मारायचा म्हटलं की नवे लेखक हटकून प्लेग आणतात. मुंबईत तो १८९६ चा. ट्रामही घोड्यांचीच हवी, विजेची १९०७ साली आली.

वहीत तीन रकाने आख: घटना, तारीख, आणि ती तिच्या कानावर कधी, कुणाकडून आली. खरी मेहनत तिसऱ्यात आहे. लहानपणी लावलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे जायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असं हायकोर्टाने मार्च १८८७ मध्ये सांगितलं. गिरगावातल्या तुझ्या बाईला निकालपत्र कुठून दिसणार? तिला कळेल ते नळावर, तिखटमीठ लावलेलं. संमतिवयाची, म्हणजे मुलीशी शरीरसंबंधाला कायद्याने लागणाऱ्या वयाची, मर्यादा १८९१ मध्ये दहाची बारा झाली, ते जेवणाच्या पंगतीत पुरुषांच्या वादातून वाढता वाढता ऐकू येईल. आणि पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, विधवांना आसरा आणि शिक्षण देणारं, ११ मार्च १८८९ ला चौपाटीला निघालं, पुढच्याच वर्षी पुण्याला गेलं. म्हणजे ते चालत जाण्याच्या अंतरावर असताना ती गेली नाही, किंवा निघाली आणि माघारी फिरली. इथे दोन प्रकरणं खर्च कर. तिला आजची बंडखोर मात्र करू नकोस, फार सोपं होतं ते.

पुण्याला परतण्याचा प्रसंग घालशील तर घड्याळं सांभाळ. रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले, शहर मुंबईच्या. रेल्वेचं घड्याळ सुमारे अर्धा तास पुढे. दहाची गाडी पकडायची तर घरच्या घड्याळात साडेनऊच्या आत बोरीबंदर गाठायला हवं.

संवादात ती नवऱ्याचं नाव घेणार नाही. ‘इकडून जेवण झालं का?’ असंच विचारेल. शब्दाची शंका आली तर मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश उघड.

केशवपनाच्या प्रसंगात अश्रू आवर. न्हाव्याला बोलावणं कुणी धाडलं, दार कुणी लोटलं, आलवण, म्हणजे विधवेचं तांबडं लुगडं, कुणी आणून ठेवलं, एवढंच नीट दाखव. तिथे विशेषणं शिरली की वाचक सुटतो.

‘करमणूक’च्या जुन्या अंकांची चौकशी दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात कर. कागद ठिसूळ असतो, म्हणून पानं सपाट ठेवूनच उलट आणि फोटोआधी परवानगी घे. पहिलं प्रकरण इतक्यात नको, आधी रकान्यांची वही पाठव.