तालीम सातला

चि. बाय,

रविवारी तू आमच्या सोप्यावर तासभर बसलीस आणि तेवढ्या वेळात पंधरा वेळा मोबाईल उघडून बघितलास. चहावर साय धरली. दिल्लीचा निकाल अजून लागलेला नाही, हे विचारावं लागलं नाही. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची पहिली चाचणी पार करून तू तिथल्या कार्यशाळेपर्यंत जाऊन आलीस, तेव्हा तुला जमतं की नाही हा विषय मी काढणारच नाही. खटकलं ते तू चपला घालताना बोललीस ते. "निकाल लागेपर्यंत नवीन काही हातात घेत नाही, काका."

का घेत नाहीस?

१९८६ साली मीही तिथं अर्ज केला होता. पोस्टमनची वाट बघत होतो, त्याच दिवसांत गावच्या जत्रेचं नाटक बसत होतं. मला दूताचं काम आलं. सबंध नाटकात चार वाक्यं. मी म्हटलं, दिल्लीहून बोलावणं येईल, मध्येच सोडून जावं लागेल. खोटं होतं ते. दिल्लीला निघालेल्या माणसानं दूत व्हायचं याची लाज वाटत होती, एवढंच. पालखी देवळात परतली, मध्यरात्र उलटून गेल्यावर पडदा वर गेला, तेव्हा मी माडाला टेकून अंधारात उभा. दूत झाला होता सोडावाल्याचा पोर. पहिल्याच वाक्याला अडला. प्रॉम्प्टरचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत आला, पण गडी डगमगला नाही. राजाकडे बघून हसला, राजाही हसला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहाटेपर्यंत तो काय काय शिकला असेल! मी तेवढ्या वेळात दोन पुड्या शेंगदाणे खाल्ले.

पुढे पत्र आलं. तीन ओळींचा नकार. त्याचं दुःख महिनाभर टिकलं. पण त्यानंतर दोन वर्षं मी तोंड लपवून तालमीकडे फिरकलो नाही, ती दोन वर्षं दिल्लीनं घेतली नव्हती. मीच घालवली.

म्हणून सांगतो, तालमीला जा. काम असो, नसो. तियात्राला, आपल्या कोंकणी नाटकाला, जा. पडद्यापुढे कांतार, म्हणजे गाणं, चालू असतं तेव्हा मागे पुढच्या प्रवेशाची मांडामांड कशी उरकतात, ते विंगेत उभी राहून बघ (आपल्यातले काही नाक मुरडतात, मुरडू देत). पेडण्याकडे दशावतार बघ. तिथं पाठ करायला लिहिलेले संवाद नसतात, कथानक ठरतं आणि बोलणं जागेवर सुचावं लागतं. पणजीची कला अकादमी नूतनीकरणासाठी २०२१ ते २०२३ बंद होती, तेव्हा आमच्यातले कितीतरी जण तिचं कांपालचं दार उघडण्याची वाट बघत घरी बसले. दार उघडलं तेव्हा यांचे आवाज बसलेले. वाट बघणं हे काम नाही गे! किती वेळा सांगू?

तुझी आई म्हणाली असेल, काका बोलतात मोठं, स्वतः तीस वर्षं सरकारी कचेरीत फायली चाळल्या. चाळल्या. घर चालवायचं होतं. पण कचेरी सुटल्यावर मिळेल ती बस पकडून मी सातच्या तालमीला पोचायचो की नाही, हे फोंड्यात कुणालाही विचार. धाकटीच्या बारशाच्या संध्याकाळीही गेलो होतो. तुझी काकू ते अजून काढते, आणि मी अजून गप्प बसतो. चुकलं असेल. पण त्या दिवशी घरी राहिलो असतो, तर दुसऱ्या दिवशीही काहीतरी निघालंच असतं. मी मला ओळखतो.

असो. रागावू नकोस. तुझं बोलणं ऐकून मला तो माड आठवला.

स्पर्धेच्या नाटकाची तालीम सध्या शाळेच्या हॉलमध्ये चालू आहे. कामं सगळी वाटून झाली, तुझ्यासाठी एकही उरलेलं नाही. प्रॉम्प्टिंगसाठी पुस्तक धरायला माणूस हवा आहे. पुस्तक धरणाऱ्याला आख्खं नाटक पाठ होतं, आणि कोण कुठं श्वास चोरतो तेही कळतं. दिल्लीचं बोलावणं आलं तर खुशाल जा, पुस्तक दुसरं कोणी धरील.

उद्या ये. सात म्हणजे सात. मोबाईल बाहेर चपलांजवळ ठेवायचा.

तुझा,
काका