बालगृहात नव्याने रुजू झालेल्या ताईला

अगं, सुरुवातीला झोप उडते, घास घशाखाली उतरत नाही, स्वतःच्या लेकीला शेजारच्या काकांकडे सोडायलाही मन धजत नाही. तू दुबळी आहेस म्हणून नाही, अत्याचार सोसलेल्या मुलांकडून रोज ऐकलेलं अंगात मुरतं म्हणून होतं हे.

सगळ्यात जड जातो तो मुलांचा राग. ज्याने त्रास दिला तो समोर नसतो, तू असतेस. एखादी चावेल, ताट भिरकावेल, घाण शिव्या देईल. बऱ्याचदा ती फक्त बघत असते, ही पण आपल्याला टाकून जाते का. आवाज न चढवता तिथेच थांब. अगदीच सहन होईना तर दुसऱ्या ताईला हाक मार. त्यात कसली लाज?

मुलीने काही सांगितलं तर ऐक, खोदू नकोस. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नकोस. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यानुसार (२०१२) पोलिसांना कळवावंच लागतं. तिचेच शब्द लिहून ठेव.

मुलांची ओळख बाहेर फोडायची नाही, त्यामुळे घरी बोलता येत नाही आणि सगळं आत साचतं. मग नाव न घेता समुपदेशकाशी बोल. संस्थेत कुणी नसेल तर सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस, १४४१६, मोफत आहे. पुण्यातल्या शिवाजीनगर कोर्टात मुलीसोबत तारखेला गेलीस, तर त्या रात्रीची ड्युटी घेऊच नकोस. अधीक्षक कुरकुरतील, कुरकुरू देत. रजेचा अर्ज आदल्या दिवशीच टाक.