मालवणात पोरांना घेऊन जाताय?

आधी किल्ला, मग जेवण, बाजार शेवटी. सिंधुदुर्गाची होडी सकाळीच धरा. दुपारच्या उन्हात तटावर पोरं रडकुंडीला येतात. पावसाळ्यात होड्या बंद.

थाळी सांगण्यापूर्वी मासा कोणता आणि तुकडी केवढ्याची, ते विचारा. सुरमई-पापलेटचा दर आकारावर ठरतो, बिलावरून वाद होतो तो इथेच. लहानांना बांगडा नको, काटे फार. सुरमईचा मधला काटा सहज निघतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताटातली सुरमई बहुधा बर्फातली.

बाजारात नवखे हमखास फसतात ते आगळ आणि कोकम सरबतात. आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, त्यात साखर नसते, मीठ मात्र भरपूर. म्हणून आगळाच्या सोलकढीत वरून मीठ घालायचं ते चाखूनच. सरबत साखरेच्या पाकातलं. दोन्हींची झाकणं झिरपतात, बाटल्या पिशवीत गाठ मारून उभ्याच ठेवा. काजूवरचे २४०, ३२० हे आकडे म्हणजे एका पौंडातले नग: आकडा लहान, काजू मोठा. खाजा चावून बघा, मऊ लागला तर सादळलाय. आणि सुकी मासळी? गाडीत सामान भरून झाल्यावर, दुहेरी पिशवीत, डिकीत.