१९४४ ची जपान्यांची इम्फाळ-कोहिमा चढाई जिंकता आली असती का?

१९४४ मध्ये जपानी सैन्य ब्रह्मदेशातून मणिपूर-नागालँडवर चालून आलं, ते जिंकू शकलं असतं का असं तुम्ही विचारलंय. मला वाटतं कोहिमा आणि त्यामागचं रेल्वेचं ठाणं दिमापूर त्यांना घेता आलं असतं, त्यापुढे बंगालपर्यंत येणं मात्र जमलं नसतं, कारण पोटाला काही नव्हतं हो.

जपानी सेनापती जनरल मुतागुचीकडे ३ डिव्हिजन, साधारण ८५ हजार माणसं, चिंदविन नदी ओलांडून डोंगरातून यायचं आणि रेशन घेतलेलं जेमतेम तीन आठवड्यांचं. पुढे काय, तर इंग्रजांची कोठारं ताब्यात घेऊन खायचं! बैल हाकत आणले, आधी ओझं वाहतील मग कापून खाऊ म्हणून, त्यातले कितीतरी नदीत नाहीतर चढावरच मेले. १९४२ ला ब्रह्मदेशातून इंग्रज पळाले तसे आताही पळतील असं धरून सगळा प्लॅन. पण इंग्रजांचा सेनापती जनरल स्लिम याने आपलं सैन्य मुद्दाम मागे इम्फाळच्या मैदानात घ्यायचं ठरवलेलं, म्हणजे जपान्यांची रसद लांबत जाईल, आणि ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरच्या अराकानमधून ५वी डिव्हिजन चक्क विमानाने आणली. रस्ता तुटला तरी इम्फाळला विमानं उतरत राहिली, तिथेच वेढ्यातला जीव गेला.

तरीही एक संधी होती आणि ती हुकली कशी हे आपल्या लोकांना माहीतच नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं. जपानी जनरल सातोची ३१वी डिव्हिजन कोहिमाकडे निघालेली, तिच्यातला एक जनरल मियाझाकी आपली तुकडी घेऊन वाटेत सांगशाक गावाकडे वळला, जे खरं तर त्याच्या हद्दीतसुद्धा नव्हतं. तिथे इंग्रजांच्या हिंदी फौजेची ५०वी पॅराशूट ब्रिगेड होती आणि तिच्यासोबत आपली ४/५ मराठा लाइट इन्फन्ट्री (म्हणजे ५व्या मराठा रेजिमेंटची ४थी बटालियन). २२ ते २६ मार्च, पाणी नाही, विमानातून टाकलेलं सामान बरंचसं जपान्यांच्याच हाती पडतंय, तरी पोरं हटली नाहीत. शेवटी ठाणं सोडावं लागलं पण मियाझाकीचा जवळपास आठवडा गेला आणि माणसंही भरपूर गेली. तो तसाच पुढे गेला असता तर कोहिमात अडवायला कोण होतं? इंग्रजांची रॉयल वेस्ट केंट बटालियन तिथे पोचली ५ एप्रिलला, म्हणजे वेढा पडता पडता.

दुसरी चूक दिमापूरची. रेल्वे तिथे, इम्फाळचा सगळा माल तिथूनच यायचा, मैलोन्‌मैल डेपो. मुतागुचीने सातोला तिकडे जायला सांगितलेलं पण मुतागुचीचा वरिष्ठ जनरल कावाबे याने रोखलं, ते आपल्या मोहिमेत बसत नाही म्हणून. अहो, ज्या सैन्याला शत्रूच्या गोदामावरच जगायचंय त्याने सगळ्यात मोठं गोदाम सोडून द्यायचं म्हणजे काय! दिमापूर गेलं असतं तर पुढे आसामातल्या लेडोला जाणारी रेल्वेही तुटली असती, चीनला जाणारा पुरवठासुद्धा अडकला असता. हे टिकलं असतं फक्त पावसाळ्यापर्यंत असं मी म्हणेन, कारण त्यांच्यामागे ना रस्ता होता ना विमानं.

१४ एप्रिलला मणिपुरातल्या मोइरांगला जपान्यांसोबत आलेल्या आझाद हिंद सेनेने तिरंगा फडकवला, ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. पण त्या जवानांनाही हीच उपासमार भोगावी लागली. मेअखेर सातो हुकूम मोडून मागे फिरला, रसद पाठवा म्हणून मागत राहिला होता, काहीच आलं नाही. २२ जूनला इंग्रजांनी कोहिमा-इम्फाळ रस्ता उघडला. जपानचे सुमारे ३० हजार मेले, त्यात गोळीपेक्षा भूक, मलेरिया आणि जुलाबांनी गेलेले जास्त.