वाचकांचे प्रश्न : पिल्लं घ्यावीत की नसबंदी करावी?

छोट्या जातीच्या कुत्र्यांबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना आमच्या पशुवैद्यकांची उत्तरं.

प्रश्न : आमची पॉमेरेनियन कुत्री पावणेदोन वर्षांची आहे, वजन 2.8 किलो. दोनदा माजावर येऊन गेली. ‘नसबंदीआधी एकदा पिल्लं होऊ द्या, तब्येत चांगली राहते’ असं सगळे सांगतात. ओळखीत एक देखणा नरही आहे. काय करावं?

एकदा व्यायल्याने कुत्रीची तब्येत सुधारते, याला कसलाही आधार नाही. त्याने गर्भाशयाचे आजार टळत नाहीत, स्तनांतल्या गाठीही टळत नाहीत आणि स्वभावही शांत होत नाही. म्हणून हे कारण आधी बाजूला ठेवा. मग खरा विचार तीन गोष्टींचा उरतो : पिल्लं निरोगी निपजतील का, ही सुखरूप विईल का, आणि पिल्लांना घरं आहेत का.

पहिल्या गोष्टीसाठी दोघांचीही तपासणी हवी, आणि नराची अंमळ जास्तच काटेकोरपणे, कारण त्याच्याकडे बहुतेक लोक फक्त रूप बघून जातात. छोट्या जातींत गुडघ्याची वाटी जागेवरून सरकण्याचा दोष फार आढळतो. चालता चालता कुत्रा एक मागचा पाय उचलतो, दोन-तीन पावलं तीन पायांवर उडत जातो आणि काही झालंच नाही असा पुन्हा नीट चालू लागतो. हे लाडिक वाटतं, पण ते वाटी निसटल्याचं लक्षण असतं. पशुवैद्य हाताने तपासून 1 ते 4 अशी श्रेणी देतात. आमचं स्पष्ट मत असं की वाटी सरकत असेल तर त्या जनावराची पिल्लं घेऊच नयेत. याशिवाय हृदय आणि डोळे तपासून घ्या आणि दोघांची ब्रुसेलाची रक्तचाचणी करा. हा संसर्ग समागमातून पसरतो, त्याने गर्भपात होतात आणि तो माणसालाही होऊ शकतो.

दुसरी गोष्ट तिच्या चणीची. इतक्या लहान मादीच्या पोटात बऱ्याचदा एक-दोनच पिल्लं धरतात. एकच पिल्लू असलं तर ते एकटंच पोसलं जाऊन मोठं होतं. शिवाय कळा सुरू होण्याचा इशारा पिल्लांच्या शरीराकडून यावा लागतो, तो एकट्या पिल्लाकडून पुरेसा येत नाही. दिवस भरून जातात, कळा येत नाहीत आणि सिझेरियन करावं लागतं. म्हणून नर तिच्याहून मोठ्या चणीचा मुळीच नको, आणि रात्री-अपरात्री सिझेरियन करणारा दवाखाना आधीच ठरलेला हवा. तो नसेल तर विषय तिथेच थांबवा.

घरांबद्दल थोडक्यात : ‘कोणीतरी नेईलच’ हे घर नव्हे. नाव, पत्ता आणि जमलं नाही तर पिल्लू परत घेण्याची तुमची तयारी, हे समागमाआधी पक्कं हवं.

यातलं एक जरी डळमळीत असेल तर नसबंदी करा. आम्हाला येणाऱ्या दहातल्या नऊ घरांना आम्ही हेच सांगू.

प्रश्न : आमची शिह त्झू गाभण आहे, 35 दिवस झाले. कॅल्शियमच्या गोळ्या कधी सुरू करायच्या? बाळंतपणात काय बघायचं?

गाभणपणात कॅल्शियम देऊ नका. हे ठळक सांगावं लागतं, कारण चांगल्या हेतूने नेमकी हीच चूक होते. बाहेरून कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतून ते काढून रक्तात आणणारी शरीराची यंत्रणा सुस्तावते. व्यायल्यावर दूध उतरू लागलं की एकदम मोठी गरज पडते आणि ती यंत्रणा वेळेवर जागी होत नाही. मग रक्तातलं कॅल्शियम कोसळतं. छोट्या जातींत, पिल्लं जास्त असली तर, हे व्यायल्यानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत घडतं. कुत्री अस्वस्थ होते, धापा टाकते, पाय ताठ टाकत चालते, अंग थरथरतं, ताप चढतो, शेवटी झटके येतात. थरथर दिसताच पिल्लं दुधावरून काढून तिला थेट दवाखान्यात न्या. तिथे शिरेतून हळूहळू कॅल्शियम देतात. गाभणपणाच्या शेवटच्या तीन आठवड्यांत तिला पिल्लांसाठीचं चांगल्या प्रतीचं तयार खाद्य थोडं थोडं करून दिवसातून तीन-चारदा द्या, तेवढं पुरतं.

बीज सुटल्यापासून साधारण 63 दिवसांनी कुत्री विते. समागमाच्या तारखेपासून मोजलं तर हा हिशोब 57 ते 72 दिवसांत कुठेही पडू शकतो, कारण शुक्रजंतू आत कित्येक दिवस जिवंत राहतात. गर्भ आहे की नाही हे सोनोग्राफीत 25 ते 30 दिवसांच्या सुमारास कळतं, पण पिल्लं नक्की किती ते सोनोग्राफी खात्रीने सांगत नाही. त्यासाठी 55 दिवसांनंतर एक्स-रे काढा. आकडा हातात असला की शेवटचं पिल्लू आत राहिलंय का, हा घोर राहत नाही.

शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातून तापमान घ्या आणि लिहून ठेवा. ते 37.2 अंश सेल्सिअसच्या खाली उतरलं की बहुधा 24 तासांत कळा सुरू होतात. तापमान उतरून 24 तास झाले तरी कळा नाहीत, जोराच्या कळा देत अर्धा तास झाला तरी पिल्लू नाही, आत पिल्लं असताना दोन तासांहून जास्त खंड पडला, किंवा पहिल्या पिल्लाच्या आधीच हिरवा स्राव आला, यातलं काहीही झालं तर वाट पाहू नका. हिरवा रंग वार, म्हणजे पिल्लाला पोटात पोसणारा भाग, सुटू लागल्याचा असतो. पहिलं पिल्लू येऊन गेल्यावर तोच रंग दिसला तर घाबरायचं कारण नाही.

पिल्लांची जागा पहिल्या आठवड्यात 29 ते 32 अंश ठेवा. ऊब पेटीच्या एकाच बाजूला द्या, म्हणजे गरम झालं तर पिल्लू सरकू शकतं. प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा लोकरीचा सैल धागा बांधा आणि रोज ठराविक वेळी ग्रॅममध्ये वजन करा. धागा दर दोन दिवसांनी सैल करायला विसरू नका, पिल्लू झपाट्याने वाढतं. आठ-दहा दिवसांत जन्माच्या वजनाची दुप्पट व्हायला हवी. एखाद्याचं वजन पहिल्या दिवसानंतरही घटत असेल तर त्याच दिवशी दाखवा. गार पडलेल्या पिल्लाला दूध कधीही पाजू नका. थंड शरीरात पचन थांबलेलं असतं, दूध तसंच साचतं किंवा श्वासनलिकेत जातं. आधी अंगाशी धरून सावकाश ऊब द्या, मग दूध.

प्रश्न : नसबंदी करायचं ठरलंय. मादीचा माज परवाच संपला. लगेच करून टाकू का?

नको, दोन ते तीन महिने थांबा. माजात आणि त्यानंतर काही आठवडे गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्तस्राव जास्त होतो. त्याच काळात अंडाशयं काढली तर प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारं हार्मोन एकदम उतरतं आणि खोटं गाभणपण सुरू होऊ शकतं : स्तनांत दूध येतं, कुत्री खेळणी गोळा करून त्यांची राखण करते. ते आधीच सुरू झालं असेल तर पूर्ण ओसरू द्या. स्तन दाबून दूध काढू नका, त्याने ते वाढतंच.

या थांबण्याच्या काळात एका आजारावर मात्र डोळा ठेवा : गर्भाशयात पू होणे. माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांनी मादी भरपूर पाणी पिऊ लागली, वारंवार लघवी करू लागली, मलूल झाली, उलट्या झाल्या, तर स्राव दिसत नसला तरी तातडीने सोनोग्राफी करा. गर्भाशयाचं तोंड बंद असलं की पू बाहेर येत नाही, आत साठतो, आणि तो प्रकार जास्त घातक. स्वीडनमधल्या विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या नोंदींत नसबंदी न झालेल्या जवळजवळ चारांतल्या एका मादीला दहा वर्षांची होईपर्यंत हा आजार झालेला दिसला. नसबंदीच्या बाजूने याहून भक्कम कारण आमच्याकडे नाही. स्तनांच्या गाठींचा धोकाही लवकर नसबंदी केल्याने कमी होतो असं मानलं जातं, पण त्यामागचा पुरावा इतका ठाम नाही.

शस्त्रक्रियेआधी रक्ततपासणी करा आणि उपाशी किती तास ठेवायचं ते नेमकं विचारून घ्या. लहान चणीचं जनावर, विशेषतः पाच-सहा महिन्यांचं, फार वेळ उपाशी राहिलं तर रक्तातली साखर उतरते. भुलेत शरीर लवकर गार पडतं, म्हणून टेबलावर ऊब देण्याची सोय आहे का हेही विचारा, संकोच करू नका. दुधाचे सुळे पडले नसतील तर त्याच भुलेत काढून घ्या. नंतर 10 ते 14 दिवस गळ्यात कॉलर, आंघोळ नाही, सोफ्यावरून उडी नाही. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या अर्धीसुद्धा देऊ नका.

प्रश्न : आठ महिन्यांच्या चिहुआहुआ नराचं एकच वृषण खाली उतरलंय. तो पाहुण्यांवर गुरगुरतोही. नसबंदीने दोन्ही सुटेल का?

पहिलं सुटेल, दुसरं बहुधा नाही. सहा महिन्यांनंतर अडकलेलं वृषण खाली येणं दुर्मीळ. ते पोटात किंवा जांघेत राहिलं तर पुढे त्यात गाठ होण्याचा धोका बराच वाढतो आणि त्याला पीळही पडू शकतो. दोष आनुवंशिक असल्याने याची पिल्लं घ्यायची नाहीत आणि दोन्ही वृषणं काढायची. ‘खाली आहे तेवढंच काढू’ असं कोणी म्हणालं तर नकार द्या. राहतं ते धोक्याचंच.

नसबंदीने भटकणं, चढणं, जागोजागी मुतणं बऱ्याच नरांत कमी होतं. पाहुण्यांवरचं गुरगुरणं मात्र बहुतेकदा भीतीतून येतं. भीती हार्मोन काढून जात नाही, काहींत वाढतेही. त्यासाठी वेगळं, सावकाशीचं प्रशिक्षण लागेल. आणि शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवडे त्याला माजावरच्या मादीपासून लांब ठेवा. नळ्यांत उरलेल्या शुक्रजंतूंनी गर्भ राहू शकतो.

प्रश्न : काल फिरायला नेलं असताना मादीला रस्त्यावरचा नर लागला. आता काय?

अडकलेले असताना ओढून सोडवायचं नसतं, दोघांनाही इजा होते. साधारण अर्ध्या तासात ते आपोआप सुटतात. आता ‘सगळं धुऊन काढणारं’ इस्ट्रोजेनचं इंजेक्शन कोणी सुचवलं तर घेऊ नका : त्याने रक्त तयार करणारी अस्थिमज्जा दबते आणि गर्भाशयात पू होण्याची शक्यता वाढते. माज संपेपर्यंत घराबाहेर मोकळं सोडू नका, एकाच वेतात दोन नरांची पिल्लं होऊ शकतात. चौथ्या आठवड्यात सोनोग्राफी करा, कारण प्रत्येक समागमातून गर्भ राहतोच असं नाही. राहिला असेल आणि पुढेही पिल्लं नको असतील तर तेव्हाच नसबंदी करता येते. फक्त हा गर्भ नको असेल तर अ‍ॅग्लेप्रिस्टोनची दोन इंजेक्शनं 24 तासांच्या अंतराने देतात. हे औषध सगळ्या देशांत मिळत नाही, म्हणून चौकशी आजच करा.

प्रश्न : नसबंदीनंतर चार किलोची कुत्री चार महिन्यांत साडेचार किलोची झाली. हार्मोनमुळे का?

अंशतः. नसबंदीनंतर ऊर्जेची गरज साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याने घटते आणि भूक मात्र वाढते. अर्धा किलो ऐकायला थोडं वाटतं, पण तिच्या वजनाच्या तो साडेबारा टक्के आहे. खाद्य वाटीने न मोजता ग्रॅममध्ये तोला, सध्याच्या मापातून पाचवा हिस्सा कमी करा, आणि खाऊ धरून दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांवर वरचं काही जाऊ देऊ नका. तिला कडेवर घेऊन स्वतःच्या वजनकाट्यावर उभं राहून हिशोब करू नका, शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक त्यात सापडत नाही. बाळांच्या वजनकाट्यावर दर दोन आठवड्यांनी तोला. बरगड्यांवरून हात फिरवला की दाब न देता त्या हाताला लागल्या पाहिजेत.