एचझेडला हात लावण्याआधी थ्रॉटलिंग बघा

तुमची तक्रार अशी की रिस्पॉन्स टाइम मधूनच उडतो, सीपीयू मात्र निम्मा रिकामा दिसतो. म्हणून लिनक्सचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) एचझेड २५० ऐवजी १००० ठेवून नव्याने कंपाइल करावा का?

इतक्यात नको.

एचझेड म्हणजे टाइमरचा ठोका सेकंदाला किती वेळा पडतो ते. २५० असेल तर दर ४ मिलिसेकंदांनी, १००० असेल तर दर एका. लिनक्स २.६ मध्ये एक्स८६ वर तो १०० वरून १००० झाला, २००५ मध्ये २.६.१३ ला डीफॉल्ट २५० वर आला. त्या वेळचे सल्ले अजूनही फिरतायत. पण मग हाय-रिझोल्यूशन टाइमर आले. इपोलचा (नेटवर्कवर काही येण्याची वाट बघणाऱ्या कॉलचा) टाइमआउट आता ठोक्यावर अडून बसत नाही. जागी झालेली प्रोसेसही सहसा ठोक्याची वाट न बघता पुढे घुसते. एचझेडचा फरक जाणवतो तो एकाच कोअरवर सीपीयू खाणाऱ्या थ्रेडची (प्रोग्रॅममधल्या समांतर कामांची) रांग लागली तर. तुमच्याकडे कोअर रिकामे आहेत.

कंटेनरला (प्रोग्रॅम ज्या वेगळ्या कप्प्यात चालतो त्याला) दोन सीपीयूची मर्यादा आहे, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. खरी गोम तिथेच असावी. ही मर्यादा १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत मोजली जाते (डीफॉल्ट तेवढा). दोन सीपीयू म्हणजे एका खिडकीत २०० मिलिसेकंदांचं काम. आठ थ्रेड आठ कोअरवर एकदम धावले की २५ मिलिसेकंदांत कोटा संपतो, आणि उरलेले ७५ मिलिसेकंद सगळे थ्रेड हात बांधून उभे. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. मिनिटाची सरासरी काढली की हे कुठेच दिसत नाही! सीग्रुपच्या (कर्नलमध्ये ही मर्यादा लावणाऱ्या यंत्रणेच्या) सीपीयू.स्टॅट फाइलमध्ये एनआर_थ्रॉटल्ड, म्हणजे किती खिडक्यांत असं थांबावं लागलं तो आकडा, चढतोय का बघा. चढत असेल तर मर्यादा वाढवा किंवा थ्रेड कमी करा. काही भाषांचे रनटाइम (प्रोग्रॅम चालवणारा थर) मर्यादा न बघता अख्ख्या मशीनचे कोअर मोजून थ्रेड उघडतात.

दुसरं, क्लॉकसोर्स, म्हणजे कर्नल वेळ कोणत्या घड्याळावरून वाचतो ते, तपासा. आम्ही एकदा दोन दिवस शेड्युलरची (कोणाला सीपीयू कधी द्यायचा हे ठरवणाऱ्या भागाची) बटणं फिरवत बसलो होतो. शेवटी पर्फ (सीपीयूचा वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन) लावलं तर यादीत सगळ्यात वर रीड_एचपीईटी. कर्नलने टीएससी (सीपीयूमधलं झटपट वाचता येणारं घड्याळ) अस्थिर ठरवून एचपीईटी (सीपीयूबाहेरचं, वाचायला हळू घड्याळ) घेतला होता, आणि लॉगच्या प्रत्येक ओळीला वेळ विचारायची म्हणजे सिस्टिम कॉल, कर्नलपर्यंतची फेरी. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या यादीत) तशी ओळ पहिल्या दिवसापासून होती, वाचली कोणी नव्हती.

शेड्युलरच्या जुन्या सिसकंट्रोल (चालू कर्नलच्या सेटिंगच्या) ओळी आंधळेपणाने चिकटवू नका. मिन_ग्रॅन्युलॅरिटी वगैरे कर्नल ५.१३ पासून डीबगएफएसमध्ये (डीबगिंगच्या फाइलींत) गेल्या, आणि ६.६ पासून सीएफएस या जुन्या शेड्युलरच्या जागी ईईव्हीडीएफ हा नवा आहे. प्रीएम्प्शनचा (चालू काम मध्येच थांबवून दुसऱ्याला सीपीयू देण्याचा) प्रयोग करायचाच असेल तर बऱ्याच नव्या कर्नलमध्ये बूटच्या वेळी प्रीएम्प्ट= देऊन होतो, कंपाइल करायला नको.

रिस्पॉन्स टाइम उडाला की त्याच्या आधीचे आणि नंतरचे सीपीयू.स्टॅटचे आकडे इथे टाका, मग पुढचं बोलू.